एकेचाळिसावं पान

नूतन बोरडे यांना सरकारी नोकरीतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी महाड-पोलादपुरात त्यांना नावानं हाक मारणारं कुणी नव्हतं. बाजारात, रिक्षात, चर्चमध्ये, सगळीकडे त्या 'सिस्टर'. बाविसाव्या वर्षी नर्सचं शिक्षण पुरं करून पोलादपूर तालुक्यात आल्या त्या कायमच्याच. उमरठच्या वरच्या अंगाला डोंगरात ज्या वाड्या आहेत, तिथं पायी चढून त्यांनी लसी टोचल्या, बाळंतपणं केली. लग्न केलं नाही. का केलं नाही, हे विचारणारी माणसं हळूहळू संपली.

नोकरीतल्या चौथ्या-पाचव्या वर्षीची एक गोष्ट मात्र त्यांच्या मनातून कधी गेली नाही. वरच्या वाडीतल्या भागूबाईच्या सात वर्षांच्या नातीला फुरसं चावलं. घरच्यांनी आधी भगताला बोलावलं. त्यानं उंबराखालच्या भुताचं नाव घेतलं, कोंबडं मागितलं, आणि सिस्टर धापा टाकत वर पोचल्या तेव्हा पोर गार पडली होती. भागूबाई त्यांचा हात धरून नुसतं म्हणत राहिली, "गो सिस्टरबाय, आधी तुलाच बोलवाया हवं व्हतं." त्या दिवसापासून भूत ही सिस्टरांच्या लेखी करमणुकीची गोष्ट राहिली नाही.

महाडातल्या गल्लीत पत्र्याच्या छपराचं एक छोटं चर्च आहे. तीसेक कुटुंबं. कुणी शिक्षक, कुणी नर्स, बरेचसे एमआयडीसीतल्या कारखान्यांत. या मंडळीची रविवारची शाळा सिस्टरांनी एकोणीस वर्षं चालवली. मुलांना गाणी शिकवायची, पवित्र शास्त्रातल्या गोष्टी सांगायच्या आणि वाचायला पुस्तकं द्यायची. एकवीस सालच्या जुलैत सावित्री नदीचा पूर गावात शिरला तेव्हा पुस्तकांचं कपाट चिखलात गेलं. ते कळल्यावर पुण्या-मुंबईच्या चर्चमंडळ्यांनी खोकी भरभरून पुस्तकं पाठवली. नवी, जुनी, मिळतील तशी. सिस्टरांनी ती चार दिवस बसून निवडली. जी चालतील ती कपाटात. भुतांची, जादूटोण्याची, उर्मट पोरांची, देवाबद्दल वाकडं बोलणारी पुस्तकं सुतळीनं बांधून कपाटावर. गठ्ठ्यावर कागद चिकटवला: 'नको'.

ते का नको, हे त्यांना कुणी विचारलं नाही. सिस्टर म्हणाल्या म्हणजे नको. तो मान त्यांना आवडत होता, आणि तो आपण कमावलाय असंही त्यांना वाटत होतं.

मग अमिता आली.

तिचा नवरा विनीत बिरवाडीजवळच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून लागला. अमिता मिरजेला शाळेत शिकवायची. वय तिशीच्या जरा पुढे, आवाज हळू, केसांना साधी क्लिप. पहिल्याच महिन्यात ती उपासनेनंतर पुस्तकांच्या कपाटाशी रेंगाळली आणि मान वर करून म्हणाली, "सिस्टर, वरचा गठ्ठा कसला?"

"मुलांना द्यायचा नाही तो."

"बघू का जरा?"

नाही म्हणायला कारण सापडेना. अमितानं स्टूल घेतलं, गठ्ठा खाली उतरवला, सुतळी सोडली आणि जमिनीवर बसून पुस्तकं चाळू लागली. तासाभरानं ती म्हणाली, "तुमचं बरोबर आहे. यातली दोन-तीन खरंच टाकाऊ आहेत. पण बाकीची मुलांबरोबर बसून वाचली तर? मोबाइलवर ती काहीही बघतातच की. आपण किती दिवस पुढे जाऊन दारं लावणार? त्यांनाच पारखायला शिकवू या. शास्त्रही तेच सांगतं ना, पारखून घ्या आणि चांगलं ते धरून ठेवा."

ते वचन सिस्टरांनी एकोणीस वर्षांत किमान दहा वेळा मुलांकडून पाठ करून घेतलं होतं. दुसऱ्या कुणी ते आपल्याला ऐकवावं, हे त्यांना रुचलं नाही. भुतांच्या पुस्तकांचं काय, असं त्यांनी तुटकपणे विचारलं, आणि बोलण्याच्या ओघात फुरशाची गोष्ट सांगून गेल्या. अमिताचे डोळे भरून आले.

"सिस्टर, हे तुम्ही मुलांना सांगा. माझ्या वर्गात या आणि सांगा. भीती कशी पसरते आणि त्यात कुणाचं भलं होतं, हे त्यांना याहून चांगलं कुठून कळणार?"

*माझ्या वर्गात.* अजून वर्ग सुरूही झाला नव्हता. सिस्टर म्हणाल्या, "बघू. माझे गुडघे दुखतात."

चर्चच्या पाळकसाहेबांना कल्पना आवडली. शनिवारी दुपारी चार वाजता वाचनवर्ग भरू लागला. पहिल्या शनिवारी सहा मुलं होती, महिन्याभरात एकोणीस झाली. रविवारच्या शाळेला सिस्टरांकडे कधी चौदाच्या वर मुलं आली नव्हती.

आकड्याचं एक वेळ सोसलं असतं. श्रुतिकाचं सोसेना.

श्रुतिका ही शेजारच्या सुनीलची मुलगी. सुनील वीर स्टेशनवर रिक्षा लावतो. ही पोर सिस्टरांच्याच हातावर जन्माला आली आणि त्यांच्याच ओट्यावर वाढली. दर शनिवारी दुपारी ती सिस्टरांकडे यायची. दोघी मिळून रविवारच्या धड्याची चित्रं कातरायच्या. मेंढरं, होड्या, मासे. कातरताना पोरीची जीभ थोडी बाहेर यायची आणि बडबड अखंड चालायची. आता बारा वर्षांची झाली होती. एका शनिवारी दारात उभी राहूनच म्हणाली, "आत्या, आज मी अमिताबाईंकडे जाते. चित्रं उद्या सकाळी लवकर येऊन कातरू, चालेल?"

"जा की," सिस्टर म्हणाल्या. "मला काय, दोन हात आहेत."

त्या दिवशी त्यांनी एकटीनं तेवीस मेंढरं कातरली, आणि त्यातली निम्मी वाकडी झाली.

पुढच्या शनिवारी चर्चचे पडदे धुवायला काढायचेत असं कारण काढून सिस्टर तिथं गेल्या. मुलं गोल करून बसली होती. पडद्याच्या कड्या एकेक सोडवत त्या कान देऊन ऐकू लागल्या. कोल्ह्याची गोष्ट चालली होती. कोल्हा कावळ्याला फसवून त्याच्या घरट्यातला खाऊ पळवतो आणि शेवटी ऐटीत निघून जातो. हे पुस्तक कपाटातलं, चालणाऱ्या पुस्तकांतलं. सिस्टरांनी स्वतः ते कितीदा वाचून दाखवलं होतं.

दहा वर्षांचा स्वराज म्हणाला, "मला लय मजा आली. कोल्हा भारी हाय."

सिस्टरांना वाटलं, आता ही रागावेल. अमिता हसली.

"मलाही आली. आली तर आली म्हणायचं, खोटं नाही बोलायचं. आता सांगा, हे पुस्तक आपल्याला कुणाकडून बघायला लावतं?"

"कोल्ह्याकडून."

"आणि कोण आहे जे पुस्तकाला दिसतच नाही?"

पोरं चित्रं उलटसुलट करून बघू लागली. मग श्रुतिकानं एका पानावर बोट ठेवलं. "हे बघा, घरट्यात तीन पिल्लं हायत. त्यांचाच खाऊ नेला त्यानं. पण त्यांच्याबद्दल एक ओळ पण नाय."

"येशूनं ही गोष्ट सांगितली असती तर?"

"त्यानं पिल्लांपासून सुरू केली असती," श्रुतिका म्हणाली.

सिस्टरांच्या हातातली कडी खाली पडली आणि घरंगळत बाकाखाली गेली. त्या वाकून ती शोधत राहिल्या, सापडल्यावरही. ती पिल्लं त्यांना कधीच दिसली नव्हती. आणि पोरीचं ते वाक्य! असं वाक्य तिनं आपल्याकडे बसून कधी उच्चारलं नव्हतं. एकोणीस वर्षं मेहनत आपली आणि दीड महिन्यात पीक हिचं. अमिता वाईट शिकवत असती तर सिस्टरांना बरं वाटलं असतं. ती चांगलं शिकवत होती. पोटात दुखत होतं ते त्यामुळेच.

तेव्हापासून त्यांना अमिताचं सगळंच खुपू लागलं. तिची क्लिप खुपू लागली. उपासनेत गाताना तिनं डोळे मिटलेले खुपू लागले. मुलं फाटकापर्यंत तिच्या मागे जायची आणि आपण निघालो की नुसतं "येतो सिस्टर" म्हणायची, तेही खुपू लागलं. प्रार्थनेत त्या हेव्याची कबुली द्यायच्या आणि उठल्या उठल्या पुन्हा तेच आठवायच्या.

श्रावण सरता सरता वर्गात एक मोठं पुस्तक लागलं. निळं मुखपृष्ठ, त्यावर होडी. तेही 'नको'च्या गठ्ठ्यातलं. नाथू नावाच्या मुलाची गोष्ट होती. नाथूचा बाप नदीच्या तरीवर होडी चालवतो, आणि एके दिवशी त्याच होडीतून जाताना आई बुडते. अमिता दर शनिवारी दहा-बारा पानं वाचून घ्यायची. चाळिसाव्या पानापर्यंत वर्ग आला आणि अमिता आईच्या आजारपणासाठी आठ दिवस मिरजेला गेली. जाताना पुस्तक कपाटात ठेवून गेली.

सिस्टरांनी ते उचललं. बुधवारची दुपार होती. घरी आणून त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत एका बैठकीत वाचलं.

एकेचाळिसाव्या पानावर नाथू नदीकाठी उभा राहून आभाळाकडे दगड फेकतो आणि ओरडतो, 'तू नाहीसच. आणि असलास तरी मला नकोस. माझ्या आईचा जीव घेणारा देव मला नको.' पान तिथंच संपत होतं.

पुढच्या पानावर तरीवरचा दुसरा एक म्हातारा नावाडी येऊन त्याच्याशेजारी बसतो. समजावत नाही, रागावत नाही. बराच वेळ गेल्यावर एवढंच म्हणतो, 'जो नाय, त्याच्याशी कोण भांडतं रे पोरा?' आणि दोन पानं पुढे नाथू पहिल्यांदा रडतो, आणि आभाळाकडे तोंड करून विचारतो, 'ती बुडत होती तेव्हा तू तिच्याजवळ होतास ना?' ते वाचताना सिस्टरांना चष्मा काढावा लागला. नोकरीत त्यांनी किती आयांचे, किती बापांचे असे शब्द ऐकले होते. त्यांना ठाऊक होतं की ती प्रार्थनाच असते. यापेक्षा खरी प्रार्थना त्यांनी क्वचितच ऐकली असेल.

पुस्तक मिटलं, आणि डोळ्यासमोर आला तो येता शनिवार. अमिता मिरजेहून परतलेली, हे पान वाचतेय, मग पुढचं पान, मुलं गप्प झालीत, आणि श्रुतिका असं काहीतरी बोलते आहे की ते मंडळीत वर्षभर सगळे सांगत सुटतील. अमिताच्या वर्गातलं वाक्य म्हणून.

त्यांनी पुस्तक पुन्हा उघडलं. खिडकीशी नेलं. एकेचाळिसाव्या पानाचा फोटो काढला. पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं: 'शनिवारच्या वर्गात आपली मुलं काय वाचतात, पालकांनी स्वतः पाहावं. मी काही बोलत नाही.'

पाच मिनिटांत निळ्या खुणा आल्या. अर्ध्या तासात ग्रुप पेटला. कुणी लिहिलं, हे शिकवायला मुलं पाठवतो का आम्ही? कुणी लिहिलं, मिरजेची आधुनिक मंडळी अशीच. स्वराजच्या आईनं रडणारे चेहरे टाकले. चर्चच्या पंचांपैकी सगळ्यात वडीलधारे श्रीपतमामा, ज्यांना मोबाइलवर लिहिता येत नाही, त्यांनी आवाज रेकॉर्ड करून पाठवला: "पाळकसाहेब, हा वर्ग ताबडतोब बंद झाला पाहिजे." सिस्टर प्रत्येक निरोप वाचत होत्या. छातीत गरम काहीतरी पसरत होतं, आणि ते सुखच होतं. नंतर त्यांनी ते स्वतःशी नाकारलं नाही.

अमिता आली ती विनीतला घेऊन थेट पंचांसमोर. सिस्टरही बसल्या होत्या. अमितानं आवाज चढवला नाही. तिनं पुस्तक टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "पुढची चार पानं वाचा. एवढीच विनंती आहे."

श्रीपतमामा म्हणाले, "घाणीत हात घालायला आमच्याकडं वेळ नाय."

पाळकसाहेबांनी सिस्टरांकडे पाहिलं. "सिस्टर, तुम्ही पाहिलंय का पुढचं?"

सगळ्यांच्या नजरा वळल्या. अमिताचीही. सिस्टर म्हणाल्या, "एक पान पाहिलं, तेवढं पुरे झालं मला."

वर्ग बंद झाला. विनीत उठला आणि कुणाला नमस्कार न करता बाहेर गेला. पुढचे दोन रविवार ते नवराबायको उपासनेला आले नाहीत.

सिस्टरांना हवं ते सगळं मिळालं. रविवारच्या शाळेत मुलं पुन्हा त्यांचीच. शनिवारी दुपारी श्रुतिकाही आली, चटईवर बसली, कात्री उचलली. सिस्टरांनी तिच्यासाठी मुद्दाम तांदळाच्या पिठाची गोड बोरं केली होती. पोरीनं एक खाल्लं. मेंढरं नीट कातरत होती, पण जीभ बाहेर येत नव्हती आणि बडबडही नव्हती.

"बोलत का नाहीस गो?"

"बोलते की."

पुन्हा नुसता कात्रीचा आवाज. मग श्रुतिका म्हणाली, "आत्या, त्या नाथूचं पुढं काय झालं?"

"मला काय ठाऊक?"

"पप्पांनी सांगितलंय, ते पुस्तक हातात पण घ्यायचं नाय. पण मला झोप येत नाय हो त्याच्यामुळं. तो एकटाच हाय ना नदीवर. कोण येतं का त्याच्याजवळ?"

सिस्टरांच्या ओठावर नावाडी आला होता. त्यांनी तो गिळला. "मी नाही वाचलं पुढचं. पंचांपुढेही सांगितलं मी."

श्रुतिकानं मेंढराचा पाय कातरला, तुकडा बाजूला ठेवला. ती रागावलेली दिसत नव्हती. गणित सोडवताना व्हायचा तसा तिचा चेहरा झाला होता.

"मग एकेचाळिसावंच पान कसं सापडलं? आम्ही चाळीसपर्यंत आलो होतो, तिथं खूण पण नव्हती ठेवली. पहिल्यापासून वाचलं असणार तुम्ही. आणि एवढं सगळं वाचून माणूस तिथंच कसा थांबेल? आम्हाला तर अमिताबाईंनी ओढून थांबवलं होतं." तिनं पुढचं मेंढरू उचललं. "आणि आत्या, बाई म्हणायच्या, पुस्तक असो नायतर कुणाचा निरोप, दोन गोष्टी विचारायच्या. सांगणाऱ्यानं काय सांगितलं नाय? आणि सांगणाऱ्याला आपल्याकडून काय हवंय? मी तुमच्या निरोपाला विचारून बघितलं. पहिल्याचं उत्तर आलं. पुढची पानं. दुसऱ्याचं आलं नाय. तुम्हाला काय हवं होतं?"

सिस्टरांना ओरडावंसं वाटलं. आगाऊ झालीस, म्हणावंसं वाटलं. त्यांनी कात्री खाली ठेवली.

"तू," त्या म्हणाल्या. "मला तू हवी होतीस. शनिवारची."

ती उठली, चप्पल घातली, पुन्हा आत आली, राहिलेलं मेंढरू कातरून पुरं केलं आणि मग गेली.

सोमवारी सकाळी सिस्टरांनी सुनीलला रिक्षा काढायला सांगितली. "बिरवाडीला चल. विनीतच्या क्वार्टरवर."

सुनीलनं आरशातून बघितलं. "सिस्टर, त्यांच्याकडं कशाला? झालं ते बरं झालं नाय का?"

"नाही झालं बरं. गाडी चालव."

दार अमितानंच उघडलं. हात कणकेनं भरलेले. या, बसा, असं काही म्हणाली नाही. सिस्टर उंबऱ्याबाहेरच उभ्या राहिल्या आणि वाटभर जुळवून आणलेलं सगळं विसरून एका दमात म्हणाल्या, "मी पूर्ण वाचलं होतं. बुधवारीच. रडलेही होते. मग फोटो काढला."

अमितानं विचारलं, "का?"

"तुमचा हेवा वाटला. माझ्यापेक्षा तुम्हाला चांगलं जमतं. मुलं तुमच्याकडे येतात. श्रुतिका येते."

"मला वाटलं तुम्हाला पुस्तकाची खरंच भीती वाटली असेल," अमिता हळू आवाजात म्हणाली. "त्या फुरशाच्या गोष्टीमुळे. मी विनीतला सांगत होते, त्यांना दोष देऊ नकोस, त्यांनी जे पाहिलंय ते आपण पाहिलेलं नाही. पंधरा दिवस मी तुमची बाजू घेतली सिस्टर. आणि तुम्हाला सगळं माहीत होतं." आता तिचा आवाज चढला. "माझी आई तिकडे अंथरुणाला खिळलीय. मी तिच्या उशाशी बसून ते सगळे निरोप वाचले. देवाला शिव्या द्यायला शिकवणारी बाई, असं लिहिलं होतं एकीनं. आईनं विचारलं काय झालं, तर काही नाही म्हटलं."

सिस्टरांनी मान खाली घातली. "माफ करा म्हणायला आले होते."

"मला एवढ्यात जमायचं नाही. खोटं कशाला सांगू?" अमितानं हातावरची कणीक बोटानं सोलली. "आणि माझ्या दारात सांगून काय उपयोग? जिथं टाकलंत, तिथं लिहा."

परत जाताना सुनीलनं रिक्षा सावकाश चालवली. ते सगळं त्यानं रिक्षात बसून ऐकलं होतं.

घरी आल्यावर सिस्टरांनी चर्चची किल्ली घेतली, पुस्तक आणलं, बेचाळीस ते पंचेचाळीस पानांचे फोटो काढले. मग लिहायला बसल्या. तीन वेळा लिहून पुसलं. पहिल्यात 'गैरसमज' हा शब्द आला होता, दुसऱ्यात 'मुलांच्या काळजीपोटी'. दोन्ही शब्द खोटे होते, आणि ते आता त्यांना लगेच दिसत होते. शेवटी लिहिलं: 'ही पुढची पानं. एकेचाळिसावं पान टाकलं तेव्हा ही मी वाचलेली होती. मुद्दाम वगळली. पंचांपुढे न वाचल्याचं खोटं बोलले. अमिताबाईंचा वर्ग माझ्यापेक्षा चांगला चालतो याचा मला हेवा वाटला. कृपया पानं वाचा.'

या वेळी निळ्या खुणा आल्या आणि ग्रुप गप्प झाला. संध्याकाळपर्यंत एकच उत्तर आलं, स्वराजच्या आईचं: 'वाचली.'

रविवारी उपासनेत त्यांनी तेच उभं राहून सांगितलं. बोलताना बाकाची पाठ धरली होती. शेवटच्या रांगेत विनीत आणि अमिता येऊन बसले होते. बोलून झाल्यावर कुणी पुढे आलं नाही, कुणी हात धरला नाही. बाहेर पडताना श्रीपतमामा म्हणाले, "सिस्टर, तुमचं वय झालं. असली कबुली एकट्या पाळकांपुढं द्यायची असते." मग जरा वेळानं, काठी टेकत मागे वळून, "त्या नावाड्याचं बोलणं मात्र बरं हाय. सूनबाईनं वाचून दाखवलं."

पंचांनी दोन गोष्टी ठरवल्या. शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू करावा. आणि सिस्टरांनी वर्षभर रविवारच्या शाळेतून विश्रांती घ्यावी. ती शाळाही अमितालाच सांभाळायला सांगितली. 'विश्रांती' या शब्दाचा अर्थ सगळ्यांना कळत होता. त्या दिवशी सिस्टर घरी गेल्या आणि कातरलेली सगळी चित्रं एका पिशवीत भरून अमिताकडे पोचवायला सुनीलच्या हाती दिली. पिशवी देताना पुन्हा तीच आग पोटात उठली. तीच. कबुली दिल्यानं ती विझेल असं त्यांना वाटलं होतं. विझली नाही. आता निदान तिचं नाव त्यांना ठाऊक होतं आणि त्यांनी ते मंडळीसमोर घेतलेलं होतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी त्या चर्चमध्ये गेल्या. पडदे धुवायचं कारण काढलं नाही. दारात उभ्या राहून अमिताला म्हणाल्या, "मी बसले तर चालेल का?"

अमितानं क्षणभर विचार केला. ती अजूनही त्यांच्याशी मोजकंच बोलत असे. "चालेल. पण मुलांसारखंच बसायचं. मत दिलं तर कारण द्यायचं."

गुडघे कुरकुरत असतानाही सिस्टर चटईवर बसल्या, स्वराज आणि एका लहान मुलीच्या मध्ये. श्रुतिका पलीकडे होती. तिनं इकडे पाहिलं, ओळखीचं हसली आणि पुन्हा अमिताकडे वळली. सिस्टरांना ते वळणं जाणवलं. काट्यासारखं जाणवलं. त्यांनी ते तसंच राहू दिलं.

नवं पुस्तक एका मुलीचं होतं, जी शाळेच्या शर्यतीसाठी आजीशी खोटं बोलते आणि शर्यत जिंकते. वाचून झाल्यावर मुलांनी हात वर केले. अमितानं विचारलं, "सिस्टर, तुम्हाला काय वाटलं?"

"मला नाही आवडलं."

"का?" एकोणीस तोंडं एकदम म्हणाली.

खोटं बोलणं वाईट, हे सांगून भागण्यासारखं नव्हतं. लेखिकेलाही ते माहीत होतं, ते पानापानांतून दिसत होतं. मग आपल्याला खटकलं काय? ती मुलगी जिंकली ते? की आजीला शेवटपर्यंत काही कळलंच नाही ते?

स्वराज त्यांना कोपरानं ढोसत म्हणाला, "सिस्टर, कारण नसंल तर 'माहीत नाय' म्हणायचं. चालतं इथं."

मुलं हसली. सिस्टरही हसल्या, आणि बऱ्याच दिवसांत त्यांना असं हसू आलं नव्हतं.

"माहीत नाही," त्या म्हणाल्या. "हे घरी नेऊ का? पुन्हा एकदा वाचते."

अमितानं वही पुढे ओढली, पुस्तकाचं नाव लिहिलं, त्यापुढे 'नूतन बोरडे' असं लिहिलं आणि पुस्तक त्यांच्या हातात दिलं. "पुढच्या शनिवारपर्यंत. शेवटपर्यंत वाचून या."